दाढ काढतानाच सांगा ना, वरचं हाड पण जाणार आहे म्हणून

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी अमळनेरला राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेत ३३ वर्षं नोकरी करून रिटायर झालेली शिक्षिका आहे. आपला पेपर आमच्याकडे सासऱ्यांच्या काळापासून येतो पण पत्र कधी लिहिलं नाही, हे पहिलंच. गेल्या काही दिवसांत दातांच्या मोठमोठ्या जाहिराती बघते आहे, एका दिवसात फिक्स दात, टाका नाही, दुखणं नाही, आणि खाली हप्त्याची सोय, ते बघून राहवलं नाही. कोणाचे एका दिवसात बसतही असतील, मी खोटं म्हणत नाही. माझे दोन दात बसायला १४ महिने लागले, आणि ते का लागले हे ११ वर्षांपूर्वी मला कोणी नीट सांगितलं असतं तर बहुतेक ही वेळच आली नसती.

झालं असं की तेव्हा माझी उजवीकडची वरची दाढ किडली होती, ठणका असा की कानशील फुटतंय असं वाटायचं, शाळेत परीक्षा चालू, आणि रूट कॅनलला तीन-चार वेळा यावं लागेल म्हटल्यावर मीच म्हटलं काढून टाका. आमच्याकडे तीच पद्धत. माझी आई म्हणायची, काढी टाक ना माय, बरं वाटी. डॉक्टरांनी पाच मिनिटांत काढून दिली. दोन वर्षांनी तिच्या मागची हलायला लागली, ती पण काढली, अक्कलदाढ तर आधीच गेलेली होती. मी विचारलं होतं की इथं काही बसवावं लागेल का, तर म्हणाले मागची जागा आहे, हसताना दिसत नाही, राहू द्या. मी राहू दिलं. मग डाव्या बाजूनेच खात गेली, सगळा भार तिकडं, तिकडच्या दाढा झिजल्या, एकीला तडा गेला, आणि साठीला आली तेव्हा ज्वारीची भाकरी वरणात भिजवून आणि शेंगदाणे कूट करून खायची पाळी. कळण्याची भाकरी तर सोडूनच दिली होती. ज्याला दोन्ही बाजूंनी चावता येतं त्याला हे दुःख कळणार नाही, घरात सगळे जेवून उठतात आणि आपलं अर्धं ताट तसंच असतं.

मुलगी मागे लागली की इम्प्लांट करून घे, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर फिक्स दात. पहिल्या दवाखान्यात गेली (नाव लिहीत नाही, लिहायचंही नाही), तिथं साधा एक्स-रे काढला, दोन इम्प्लांटचा रेट सांगितला, ॲडव्हान्स मागितला आणि पुढच्या आठवड्याची तारीख दिली. माझा भाचा मेडिकल स्टोअरवर बसतो, तो म्हणाला मावशी, वरच्या दाढेचा मामला आहे, थ्रीडी स्कॅन केल्याशिवाय कोणाला हात लावू देऊ नको. म्हणून जळगावला दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी सीबीसीटी म्हणजे तोच थ्रीडी स्कॅन करायला लावला आणि मला शेजारी बसवून कॉम्प्युटरवर दाखवलं. जिथं स्क्रू बसवायचा तिथं हाड फक्त ३ मिलिमीटर उरलेलं, आणि स्क्रू साधारण ८ ते १० मिलिमीटर लांबीचा असतो. ३ मिलिमीटरमध्ये तो काही धरून राहणार नाही, सरकून वरच्या पोकळीतही जाऊ शकतो, आणि तिथं गेला तर काढायला वेगळं ऑपरेशन. ती पुढच्या आठवड्याची तारीख आठवली की अजून पोटात गोळा येतो.

आता ही पोकळी म्हणजे काय ते लिहिते, कारण अमळनेर-पारोळ्याकडच्या दहा बायकांना विचारलं तर दहाही जणी सायनस म्हणजे सर्दीत कपाळ दुखतं तो आजार असंच सांगतील, मलाही तेवढंच माहीत होतं. पण सायनस आजार नाही, जागा आहे. चेहऱ्याच्या हाडांत हवा भरलेल्या अशा पोकळ्यांच्या चार जोड्या असतात, त्यातली सगळ्यात मोठी गालाच्या आत, वरच्या दाढांच्या बरोबर डोक्यावर असते. मोठ्या माणसात तिच्यात १२ ते १५ मिली मावतं, म्हणजे चहाचे तीन चमचे धरा. दाढ जागेवर असते तोवर तिच्या मुळांभोवतीचं हाड चावण्याच्या कामामुळे टिकून राहतं. दाढ काढली की दोन्हीकडून घसरण चालू होते, खालून हिरडीच्या बाजूचं हाड झिजतं, पहिल्या वर्षातच त्याची रुंदी निम्म्यावर येऊ शकते, आणि वरून ती हवेची पोकळी हळूहळू खाली पसरत येते. आपल्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरात मधला खांब काढला की धाबं कसं खाली यायला लागतं, तसंच. दुखत नाही, सूज नाही, काहीच कळत नाही, ११ वर्षं माझ्या तोंडात हे चाललं होतं आणि मला पत्ता नव्हता.

यावर डॉक्टरांनी सायनस लिफ्ट नावाचं ऑपरेशन सांगितलं, म्हणजे ते धाबं परत वर उचलून खाली भर घालायची. त्याच्या दोन पद्धती आहेत. हाड साधारण ५ मिलिमीटर किंवा जास्त शिल्लक असेल तर खालूनच, इम्प्लांटसाठी जे भोक पाडतात त्यातूनच तळ थोडा वर उचलतात, आणि बऱ्याचदा त्याच दिवशी इम्प्लांट बसवून मोकळे होतात. ही रीत समर्स नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९९४ मध्ये मांडली. माझ्यासारखं हाड कमी असेल तर गालाच्या बाजूने हिरडी उघडून हाडात लहानशी खिडकी करतात, पोकळीला आतून जे अस्तर असतं ते अलगद सुटं करून वर ढकलतात, आणि खाली जी जागा तयार होते तिच्यात हाडाची पूड भरून टाके घालतात. ही खिडकीची पद्धत टेटम नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९७० च्या दशकात सुरू केली आणि बॉइन व जेम्स यांनी १९८० मध्ये त्यावर पेपर छापला, म्हणजे चाळीस-पन्नास वर्षांचा अनुभव आहे, उगाच काल-परवाचं फॅड नाही. तेव्हा कोणी घाबरू नये.

सगळं कौशल्य त्या अस्तरात आहे. ते जेमतेम मिलिमीटरभर जाडीचं, बऱ्याचदा त्याहूनही पातळ, कांद्याच्या दोन पाकळ्यांमधला पापुद्रा असतो ना तसलं. डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं की साधारण पाचातल्या एका केसमध्ये ते थोडंफार फाटतं, लहान फाटलं तर तिथल्या तिथं झाकता येतं, मोठं फाटलं तर बंद करून काही महिन्यांनी परत करावं लागतं. मला त्यांचं हे सांगणं फार आवडलं. टेबलवर झोपायच्या आधी मला माहीत होतं की असंही होऊ शकतं, त्यामुळे मनाची तयारी होती. माझं फाटलं नाही, देवाची कृपा आणि डॉक्टरांचा हात. त्यांच्याकडे पिझो म्हणून मशीन होतं, बारीक कंपनांनी कठीण हाड कापतं आणि मऊ अस्तराला सहसा इजा करत नाही. भूल फक्त जागेवरची, सगळं ऐकू येतं, सव्वा तास लागला.

आता ज्या गोष्टीसाठी मला खरं तर पत्र लिहायचं होतं ती. ती हाडाची पूड कशाची असते?

मी माळकरी आहे. गळ्यात तुळशीची माळ आहे, घरात अंडं येत नाही. ऑपरेशनच्या चार दिवस आधी संमतीचा कागद सही करायला दिला, सगळा इंग्लिशमध्ये, तीन पानं. इंग्लिश वाचता येतं म्हणून वाचला, त्यात एका ओळीत बोवाइन लिहिलेलं. बोवाइन म्हणजे गाईगुरांचं. मी विचारलं तर डॉक्टर म्हणाले हो मॅडम, सगळ्यात जास्त वापरलं जातं ते गुरांच्या हाडापासून केलेलं, त्यातला सगळा मांसल अंश काढून फक्त खनिज उरवतात, जगभर अनेक वर्षं वापरात आहे, सुरक्षित आहे. आणि खिडकीवर जो पातळ पडदा लावतात तो कोलॅजनचा, तो काही कंपन्यांचा डुकरापासून असतो तर काहींचा गुरांपासून. मी सुन्न झाली. ते वाईट आहे किंवा त्याने काही होतं असं माझं म्हणणं नाही, ज्याला चालतं त्याने खुशाल घ्यावं, औषध म्हणून घेतो आपण कितीतरी. पण मला सांगायला नको का? आमच्या खानदेशात किती माळकरी आहेत, किती जैन घरं आहेत, किती मुसलमान घरं आहेत ज्यांना डुकराचं चालणार नाही, यांना कोणाला विचारतं का कोणी? ज्याला इंग्लिश येत नाही त्याने अंगठा किंवा सही करायची आणि आयुष्यभर जबड्यात काय आहे ते कळणारच नाही.

आणि दुसरी सोय नाही असंही नाही हो. विचारलं की निघते. कारखान्यात बनवलेली, प्राण्याचा संबंध नसलेली पूड मिळते, हायड्रॉक्सीॲपेटाइट आणि ट्रायकॅल्शियम फॉस्फेट अशी तिची नावं, ती हाडातल्या खनिजासारखीच असते. आपलंच हाड हनुवटीतून किंवा खालच्या जबड्याच्या मागून घेता येतं, त्यासाठी दुसरीकडे जखम होते एवढंच. शिवाय आपल्याच हातातून रक्त काढून मशीनमध्ये फिरवून त्याचा घट्ट पापुद्रा तयार करतात, पीआरएफ म्हणतात त्याला, ही फ्रान्समधली २००१ ची युक्ती, तो पडद्यासारखा पण लावता येतो. माझ्या डॉक्टरांनी कृत्रिम पूड आणि माझ्याच रक्ताचा पडदा वापरला, एका शब्दाने कुरकुर केली नाही. चार दिवस उशिरा झालं, कंपनीकडून मागवावं लागलं म्हणून. मी तो कागद वाचला नसता तर?

ऑपरेशन करायला मार्चऐवजी मे उजाडला, त्याला कारण माझी शुगर. तीन महिन्यांची सरासरी ८.२ होती, डॉक्टर म्हणाले ७ च्या आसपास आणा मग हात लावू, शुगर जास्त असली की जखम भरत नाही आणि इन्फेक्शनची भीती वाढते. सर्दीचंही तसंच, नाक वाहत असेल तर थांबतात, कारण या पोकळीचं नाकात उघडणारं भोक तळाशी नसून वरच्या बाजूला असतं, ते सुजेनं बंद झालं तर घाण आतच साचते. आणखी एक गोष्ट बायकांनी लक्षात ठेवायची, हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षातून एकदा सलाईनमधून इंजेक्शन चालू असेल तर ते दातांच्या डॉक्टरांना सांगायचंच, विसरायचं नाही, त्या औषधांनी क्वचित कोणाच्या जबड्याचं हाड ऑपरेशननंतर भरून येत नाही. माझ्या मोठ्या बहिणीला ते इंजेक्शन चालू आहे आणि तिला दातांच्या दवाखान्यात कोणी कधी विचारलंच नव्हतं. मिश्री, तंबाखू, तपकीर, बिडी यांचं तर काय सांगू, २०१२ पासून राज्यात गुटखाबंदी आहे पण आपल्याकडे काय चित्र आहे ते सगळ्यांना दिसतं, तंबाखूवाल्याच्या तोंडात हे हाड धरायला फार कठीण जातं.

नंतरचे पंधरा दिवस सांभाळायचे असतात. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर दाबायची नाही, तोंड उघडं ठेवून येऊ द्यायची, स्ट्रॉने काही प्यायचं नाही, उशा दोन घेऊन झोपायचं, जड उचलायचं नाही, वाकून काम नाही. मला डॉक्टरांनी फुगा फुगवू नका म्हणून सांगितलं, मी विचारलं फुंकणीचं काय, तर ते म्हणाले बरं झालं विचारलं, अजिबात नाही. आमच्या गावाकडच्या घरी अजून चूल आहे, खापरावरचे मांडे चुलीवरच होतात, आणि बाई माणूस चार दिवसांत चुलीपुढं बसतेच. शंखही वाजवायचा नाही. पहिले दोन दिवस नाकातून थोडं रक्ताळलेलं पाणी आलं, डोळ्याखाली निळसर सूज आली, ते नॉर्मल असतं हे आधी सांगितलेलं होतं म्हणून घाबरली नाही. वैशाखात बोरीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते, घरापासून दहा मिनिटांवर, पण धुळीने शिंका येतील म्हणून त्या वर्षी गेलीच नाही. आणि मुक्ताईच्या पालखीबरोबर दोन मुक्काम चालायचा माझा नेम आहे, तोही चुकला. याचं वाईट वाटतं अजून.

मग सात महिने थांबायचं. ती पूड म्हणजे नुसता आधार असतो, तिच्या कणांमध्ये आपलं स्वतःचं हाड वाढत जातं आणि त्याला घाई करता येत नाही. डिसेंबरमध्ये परत स्कॅन केला, ३ चे ११ मिलिमीटर झालेले दिसले, ते बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं खरंच. दोन टायटॅनियमचे स्क्रू बसले, परत चार महिने थांबली, मे महिन्यात वरच्या कॅप बसल्या. सगळा मिळून खर्च १ लाख ५५ हजार, माझ्या मेडिक्लेममध्ये त्यातलं काही बसलं नाही, दातांचं चालत नाही म्हणाले, फक्त ॲक्सिडेंटमध्ये लागलं तर. मला पेन्शन आहे म्हणून जमलं. शेतमजूर बाईने काय करायचं? छत्रपती संभाजीनगरचं सरकारी डेंटल कॉलेज जळगावहून दीडशे किलोमीटरच्या वर, आणि या कामाला एक फेरी पुरत नाही.

सगळ्यांनी हेच करावं असं मी मुळीच म्हणत नाही. मागे-पुढे चांगले दात असतील तर त्यांच्या आधाराने मधला दात बसवतात, तो ब्रिज होतो, माझ्या मागे दातच नव्हता म्हणून झाला नाही. काढता येणारी कवळी स्वस्त पडते, काहींना छान जमते. ६ मिलिमीटरचे छोटे इम्प्लांट पण निघालेत, हाड थोडं कमी असेल तर त्यात भागतं, सायनसला हात लावावा लागत नाही. आणि सगळ्यात शेवटची दाढ नसली तर काही जणांचं तिच्याशिवायही चालतं, पुढच्या दाढांवर नीट चावता येत असेल तर काही न करणं हा पण सल्ला असू शकतो. फक्त हे पर्याय कोणीतरी समोर ठेवायला पाहिजेत, स्कॅन बघून, रेट सांगायच्या आधी.

आणि खरी वेळ तर त्याच्याही आधीची आहे साहेब. दाढ काढायच्या दिवशीची. त्या दिवशी एवढंच सांगावं की बाई, वरची दाढ आहे, काढल्यावर हाड कमी होत जाणार, पुढे दात बसवायचा विचार असेल तर आत्ताच खड्ड्यात पूड भरून ठेवता येते म्हणजे झीज बरीच कमी होईल, किंवा काही महिन्यांतच इम्प्लांट करा, किंवा चार फेऱ्या मारा पण रूट कॅनल करून दाढच वाचवा. हे सांगायला दोन मिनिटं लागतात. पेशंटने नाही म्हटलं तर नाही, त्याची मर्जी, पण त्याला कळलेलं तर असेल. डॉक्टर लोकांना गर्दी असते हे मला समजतं, मी ६० पोरांचा वर्ग सांभाळलेला आहे, पण मग भिंतीवर मराठीत एक कागद लावा. संमतीचा फॉर्म मराठीत करा आणि त्यात पूड कशाची, पडदा कशाचा यासाठी एक रिकामी ओळ ठेवा. आपल्या पेपरच्या आरोग्याच्या पानावर एखाद्या तज्ज्ञ डॉक्टरांकडून हे सविस्तर लिहून घ्यावं ही आपल्याला हात जोडून विनंती, जाहिराती जिथं छापून येतात तिथंच ही माहिती पण आली पाहिजे.

गेल्या महिन्यात पारोळ्याहून माझ्या नणंदेचा फोन आला, वरची दाढ दुखते, उद्या काढायला चालली, दोनशे रुपयांत काम होतंय. शिवाय महिनाभर एकाच नाकपुडीतून घाण वास येतोय, सर्दीच्या गोळ्या चालू आहेत. मी म्हटलं वन्सं, एक दिवस थांबा, वास एकाच बाजूने येतोय तर कदाचित त्याच दाढेमुळे असेल, तिची मुळं त्या पोकळीला लागून असतात. डॉक्टरांना विचारा दाढ वाचते का, आणि काढलीच तर खड्ड्याचं काय करायचं. त्यांनी विचारलं. डॉक्टरांनी एक्स-रे काढून बघितलं, मुळाशी पू होता आणि तोच वर चढत होता. रूट कॅनलच्या तीन फेऱ्या झाल्या, चौथी या सोमवारी आहे, नाकाचा वास गेला आणि दाढ अजून जागेवर आहे.

कळावे,
आपली नेहमीची वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, अमळनेर, जि. जळगाव
(पत्र छापलं तर नाव देऊ नये ही विनंती)